लहान हौशी ड्रम कोअर स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारे मराठी पालक, शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारी त्यांची मुलं आणि एखादा व्हिडिओ पाहून झपाटलेले वाचक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः काही वाजवत नाही. उन्हाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी मैदानाच्या कडेला घड्याळ घेऊन उभा राहणारा मी एक स्वयंसेवक आहे. त्यामुळे उत्तरांत संगीतापेक्षा हिशेब, पार्किंग आणि विजेच्या वायरी जास्त येतील, त्याला इलाज नाही. मोठ्या राष्ट्रीय स्पर्धांबद्दल भरपूर लिहिलं जातं. इथला विषय आहे शाळेच्या फुटबॉल मैदानावर पाच-सहा पथकांत होणाऱ्या स्पर्धा.

१. ड्रम अँड ब्यूगल कोअर म्हणजे काय? हा मार्चिंग बँडच ना?

चुलतभाऊ म्हणा. ड्रम कोअरमध्ये फक्त पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे, लाकडी रायफली, तलवारी फिरवणारा कलर गार्ड असतो. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी नाही. मार्चिंग बँड बहुतेक वेळा शाळेचा किंवा कॉलेजचा असतो. कोअर ही स्वतंत्र ना-नफा संस्था असते, तिच्यामागे शाळा नसते, आणि पुढच्या निम्म्या अडचणींचं मूळ इथेच आहे. शाळेच्या बँडला मैदान, वाद्यं, खोली आणि पगारी शिक्षक आयते मिळतात. कोअरला यातलं प्रत्येक मागून किंवा विकत आणावं लागतं.

उच्चाराबद्दलही विचारतात. स्पेलिंग काहीही सांगो, म्हणायचं ‘कोअर’. ‘कॉर्प्स’ म्हटलंत तर कुणी हसणार नाही, पण तुम्ही नवे आहात हे कळेल. या पानावर बहुतेक ठिकाणी मी सरळ ‘पथक’ म्हणणार आहे.

२. नावात ब्यूगल आहे, मग सगळे ट्रम्पेटसारखं काहीतरी का वाजवतात?

सुरुवात खरोखर सैनिकी ब्यूगलपासून झाली. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांच्या शाखांनी पथकं उभी केली. त्या वेळचा ब्यूगल ‘जी’ पट्टीत होता आणि त्याला कळा नव्हत्या. पुढे एक कळ आली, मग दोन, १९९० मध्ये तीन. २००० पासून मुख्य संघटनेने, म्हणजे डीसीआयने (प्रश्न ३), कोणत्याही पट्टीची पितळी वाद्यं चालतील असं ठरवलं आणि ब्यूगल बहुतेक नावापुरता उरला.

लहान पथकांना हा बदल एका अर्थाने पावला. जी ब्यूगल फक्त कोअरसाठीच बनायचे, त्यामुळे ते महाग आणि दुर्मिळ होते. आता शाळेच्या बँडचं जुनं वाद्य घेऊनही काम भागतं.

३. तुम्ही ‘लहान हौशी स्पर्धा’ कशाला म्हणता?

यात तीन प्रकार येतात. पहिला, ड्रम कोअर इंटरनॅशनल म्हणजे डीसीआयच्या ‘ओपन क्लास’, म्हणजे दुसऱ्या फळीच्या पथकांचे स्थानिक शो. ओपन क्लास हे नाव २००८ पासूनचं आहे, त्याआधी डिव्हिजन दोन आणि तीन असत. दुसरा, ‘ऑल-एज’ पथकांच्या स्पर्धा. यांना वयाची वरची मर्यादा नसते आणि सराव फक्त शनिवार-रविवारी होतो. या पथकांची ड्रम कोअर असोसिएट्स म्हणजे डीसीए ही वेगळी संघटना होती आणि १९६५ पासून ती आपली चँपियनशिप भरवायची. २०२४ च्या हंगामापासून ऑल-एज हा डीसीआयचाच एक वर्ग झाला. तिसरा प्रकार म्हणजे कुणाच्याही छत्राखाली नसलेले शो: माजी सदस्यांची पथकं, मिनी-कोअर म्हणजे अगदी छोटी पथकं, गावच्या परेडला जोडून भरणाऱ्या स्पर्धा.

डीसीआयच्या ‘वर्ल्ड क्लास’चे, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गाचे, दौरे आणि ऑगस्टमधली अंतिम स्पर्धा यांचं गणित निराळं असल्याने ती या पानाच्या बाहेर.

४. एका स्पर्धेला किमान किती पथकं लागतात?

नियमाने विचाराल तर दोन. व्यवहारात पाचाच्या खाली गेलं की यजमानाला झोप लागत नाही.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या अडचणी याच आकड्यापाशी येऊन मिळतात. आपण समजतो की प्रेक्षक स्पर्धेला येतात. लहान शोमध्ये ते पथकाबरोबर येतात: आई-वडील, भावंडं, जुने सदस्य. समजा सहा पथकं आहेत, प्रत्येकाबरोबर ४० माणसं आली आणि गावातले ६० जण आले. तिकीट २० डॉलर धरलं तर ३०० माणसांचे ६,००० डॉलर. आता दोन पथकांनी नाव मागे घेतलं. कार्यक्रम छोटा झाला हा एक तोटा, पण त्यांची ८० माणसंही गेली, म्हणजे १,६०० डॉलर गेले. खर्च मात्र जवळपास तेवढाच राहतो. परीक्षक सहा पथकांना लागतात तेवढेच चारांना लागतात. मैदानाचं भाडं, रुग्णवाहिका, विमा, पोलीस, दिवे यांपैकी काहीही पथकांच्या संख्येवर ठरत नाही. (आकडे समजावण्यासाठी घेतलेत. तुमच्या गावात तिकीट वेगळं असेल, गणित हेच राहील.)

म्हणून लहान स्पर्धा हळूहळू बंद पडत नाही. एका वर्षी सहा पथकं, पुढच्या वर्षी चार, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ती नसतेच.

५. पूर्वी गल्लोगल्ली पथकं होती म्हणतात. ती गेली कुठे?

‘गल्लोगल्ली’ ही फारशी अतिशयोक्ती नाही. ईशान्येकडच्या राज्यांत आणि मिडवेस्टमध्ये लीजनची शाखा, कॅथलिक चर्च, कारखान्याची वस्ती अशा प्रत्येकाचं आपापलं पथक असे. देशभरात शेकडो. स्पर्धा शेजारच्या गावाशी व्हायची, तासाभराच्या अंतरावर, आणि मुलं रात्री घरी झोपायची.

मग काही गोष्टी एकाच सुमाराला घडल्या. माजी सैनिकांच्या संघटना नियम आणि बक्षिसं आपल्या हातात ठेवतात, यावर चांगली पथकं नाराज होती. १९७१ मध्ये कॅव्हेलियर्स, मॅडिसन स्काउट्स, ट्रूपर्स, ब्लू स्टार्स, सांता क्लारा व्हॅनगार्ड अशी पथकं एकत्र आली, त्यातून डीसीआय उभी राहिली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली चँपियनशिप झाली. पथकांना आपला कारभार आपल्या हाती हवा होता, यात चूक काहीच नव्हती. पण स्पर्धेचं केंद्र गावातून राष्ट्रीय दौऱ्यावर सरकलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर डिझेल महागलं. शाळांचे बँड स्वतःच चुरशीच्या स्पर्धा करू लागले आणि कोअरमधून तयार झालेले शिक्षक तिकडे पगारावर गेले. लीजनच्या शाखांमधले सदस्य म्हातारे झाले.

डीसीआयने लहान पथकं मारली, असं जुनेजाणते तावातावाने सांगतात. मला ते अर्धंच पटतं. दौऱ्याचं वेड नसतं तरी चर्च आणि कारखाने बंद पडायचे थांबले नसते. मात्र एकदा जवळचं पथक संपलं की पुढचं पथक चार तासांवर असतं, आणि मग शेजारच्या गावाशी स्पर्धा ही कल्पनाच उरत नाही.

६. यजमानाचा खर्च नेमका कशावर होतो?

परीक्षकांचं मानधन, प्रवास आणि हॉटेल ही बहुधा सर्वांत मोठी बाब (कपात कशी करावी हे प्रश्न ९ मध्ये). मग स्टेडियमचं भाडं आणि शाळेचे सफाई कर्मचारी, दायित्व विमा, वैद्यकीय पथक, ध्वनिव्यवस्था, तिकीटविक्रीच्या संकेतस्थळाचं कमिशन. शिवाय पथकांना दिली जाणारी रक्कम (प्रश्न ७).

नवा यजमान हमखास विसरतो ती गोष्ट म्हणजे सरावाची जागा. प्रत्येक पथकाला दुपारी एक मैदान हवं असतं, आणि वॉर्म-अपसाठी एकमेकांना ऐकू जाणार नाहीत अशा जागा. सहा पथकांचे ड्रम एकाच पार्किंगमध्ये सुरू झाले की शेजारी पोलिसांना फोन करतात. दिवसभर पाणीही लागतं, आणि ते बाटल्यांनी भागत नाही. नळ आणि लांब पाइप लागतो.

७. पथकांना यायचे पैसे मिळतात का? आणि ते सगळ्यांना सारखे का नसतात?

मिळतात, पण लहान पथकाला बरेचदा डिझेलपुरतेच. मोठी नावं तिकीट विकतात, म्हणून त्यांना जास्त द्यावेत, हा वाद जुना आहे. २०१० मध्ये वर्ल्ड क्लासच्या सात आघाडीच्या पथकांनी, ज्यांना ‘जी-सेव्हन’ म्हटलं गेलं, उत्पन्नाचा आणि निर्णयाचा मोठा वाटा आपल्याकडे यावा असा प्रस्ताव ठेवला. त्यावर प्रचंड गदारोळ झाला. प्रस्ताव होता तसा मान्य झाला नाही, पण आघाडीच्या पथकांचे वेगळे शो पुढच्याच वर्षी सुरू झाले.

माझं मत विचाराल तर, ‘प्रेक्षक कुणामुळे येतो’ या प्रश्नाचं उत्तर मोठ्या स्टेडियममध्ये एक असतं आणि लहान मैदानावर दुसरं (प्रश्न ४). त्यामुळे लहान शोमध्ये सगळ्यांना समान रक्कम देणंच शहाणपणाचं.

८. हौशी पथक आहे, तर मुलांकडून फी का घेतात?

हौशी म्हणजे वाजवणाऱ्यांना पैसे मिळत नाहीत एवढंच. वर्ल्ड क्लासमध्ये फी काही हजार डॉलर असते. शनिवार-रविवारच्या पथकात ती बरीच कमी, कारण बसचे मुक्काम आणि दिवसाची चार जेवणं नसतात.

एके काळी बिंगोच्या, म्हणजे हाऊजीच्या, रात्रींवर अनेक पथकं चालायची. कॅसिनो आणि लॉटऱ्या वाढल्या तसा तो झरा आटला. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही: अनेकदा विजेती ठरलेली सांता क्लारा व्हॅनगार्ड पैशाच्या अडचणीमुळे २०२३ च्या हंगामात मैदानात उतरलीच नाही आणि २०२४ मध्ये परतली. लहान पथकाने एक वर्ष सुट्टी घेतली तर मुलं दुसरीकडे जातात आणि परतायला कुणी उरत नाही.

९. परीक्षक कमी केले तर चालत नाही का?

चालतं, पण गुणांचं काय होतं ते आधी समजून घ्या. पूर्ण पॅनेल आठ जणांचं असतं आणि एकूण गुण १००. त्यांपैकी ४० ‘जनरल इफेक्ट’ला, म्हणजे शोच्या एकंदर परिणामाला: दोन परीक्षक, प्रत्येकी २०. दृश्य बाजूला ३०: प्रावीण्य, विश्लेषण आणि कलर गार्ड यांना प्रत्येकी २०, बेरजेचे निम्मे. संगीताला ३०: पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि संगीत विश्लेषण, तिथेही बेरजेचे निम्मे.

आता इफेक्टचा एक परीक्षक वाचवलात आणि उरलेल्याचे गुण दुप्पट केलेत असं धरा. त्याने अर्धा गुण कमी दिला तर एकूणात पूर्ण एक गुण गेला. पितळी वाद्यांच्या परीक्षकाने तोच अर्धा गुण कमी दिला तर एकूणात पाव गुण जातो. म्हणजे एका माणसाच्या आवडीनिवडीचं वजन दुसऱ्याच्या चौपट झालं. दोन पथकांत दोन-तीन दशांशांचा फरक असताना निकाल त्या एका माणसाच्या हातात जातो.

कपात करायचीच असेल तर ती इफेक्टमध्ये नको. दृश्य प्रावीण्य आणि दृश्य विश्लेषण एकाकडे द्या आणि तसं पथकांना आधी कळवा. परीक्षक शक्यतो दोन-तीन तासांच्या अंतरात राहणारे घ्या, हॉटेलचा खर्च वाचतो. पण एक गोष्ट कापू नका: परीक्षक वाजवणं चालू असताना बोलून रेकॉर्ड करतो ती टिप्पणी. नवं पथक गुणांपेक्षा तिच्यासाठीच येतं. चुका मोजून गुण वजा करायची ‘टिक’ पद्धत डीसीआयने १९८४ मध्ये सोडली. आता कुठे काय सुधारायचं ते या आवाजातूनच कळतं.

१०. पंचवीस जणांच्या पथकाने दीडशे जणांसमोर उतरावं, हे न्याय्य आहे का?

एकाच वर्गात उतरवलं तर नाही, आणि म्हणून वर्ग असतात. डीसीए लहान पथकांसाठी वेगळा ‘क्लास ए’ ठेवायची.

पण वर्ग वेगळे केले तरी कानाचं काय करणार? दीडशे माणसांचा नाद ऐकून झाल्यावर पंचवीस माणसं कच्चीच वाटतात, प्रेक्षकाला आणि परीक्षकालाही. म्हणून लहान पथकं आधी आणि मोठी नंतर असा क्रम लावतात. हा क्रम लहानांना कमीपणा देतो अशी तक्रार येते. मला तो उलट त्यांचा बचाव वाटतो. एक अट मात्र: पहिलं पथक भर उन्हात सहा वाजता वाजवतं तेव्हा स्टँड रिकामे असतात, म्हणून दारं उशिरा उघडू नका.

११. वर्गात एकच पथक आलं तर पहिलं बक्षीस त्यालाच?

हो. आणि सगळ्यांना थोडं अवघडल्यासारखं होतं. अशा वेळी स्थान जाहीर न करता फक्त गुण जाहीर करणं बरं. हंगामभर तेच पथक आपल्या मागच्या गुणांशी स्पर्धा करतं, आणि ते खोटंही नसतं. गुण नकोच असतील तर प्रश्न १८ पाहा.

१२. मैदान तर फुटबॉलचं ठरलेल्या मापाचं असतं. त्यात अडचण कसली?

लांबी-रुंदी सारखीच असते. मधल्या तुटक रेषा, ज्यांना ‘हॅश’ म्हणतात, त्या वेगळ्या असतात. शाळेच्या मैदानावर त्या कडेपासून ५३ फूट ४ इंचांवर, कॉलेजच्या मैदानावर ६० फुटांवर. ड्रिलमध्ये, म्हणजे वाजवत मैदानावर चालण्याच्या आखणीत, पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचं. त्या मापाने हा फरक साडेतीन पावलांहून थोडा जास्त होतो. सगळा उन्हाळा ‘हॅशवर उभं राहा’ शिकलेली मुलं दुसऱ्या मैदानावर गेली की अर्धं पथक पुढे आणि अर्धं मागे. अनुभवी पथक सरावात मैदानावर खुणा करून घेतं. नव्या पथकाला हे कुणी सांगितलेलंच नसतं. निमंत्रणाच्या पत्रात ‘हॅश: शाळेचे’ एवढे दोन शब्द टाका.

दुसरी अडचण विजेची. २००४ पासून आवाज वाढवायची यंत्रणा आणि २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यं चालतात, त्यामुळे लहान पथकही मैदानाच्या पुढच्या कडेला सिंथेसायझर मांडतं. आमच्या एका शोमध्ये ती जोडणी आणि खाण्याच्या स्टॉलवरची कॉफीची मोठी भांडी एकाच सर्किटवर होती. हळुवार भाग सुरू झाला, कुणीतरी कॉफी लावली आणि पुढची दोन मिनिटं मुलांनी सिंथेसायझरशिवाय काढली. त्यांनी फार छान काढली, पण स्वयंसेवकांच्या तंबूत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तेव्हापासून आम्ही जनरेटर भाड्याने आणतो.

१३. पाऊस आला तर स्पर्धा रद्द होते का?

पावसाने थांबतेच असं नाही, आकाशातल्या विजेने थांबते. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं थांबायचं, मध्ये पुन्हा ऐकू आला तर घड्याळ पुन्हा शून्यापासून. यावर घासाघीस नाही. धातूची वाद्यं घेऊन उघड्या मैदानात मुलं उभी करायची नसतात.

सगळं इनडोअर हलवलं तर? व्यायामशाळेत ड्रिल मावत नाही, म्हणून पथकं उभ्याने वाजवतात आणि दृश्याचे गुण देता येत नाहीत. अशी संध्याकाळ गुणांशिवाय पार पडते. तिकिटाचे पैसे परत मिळतील की नाही हे तिकिटावर आधीच छापा. रात्री साडेनऊला भिजलेल्या आजोबांना समजावणं हे काम मी केलं आहे, पुन्हा करायची इच्छा नाही.

१४. संगीताची परवानगी कुणी घ्यायची, पथकाने की यजमानाने?

दोघांनी, वेगवेगळी. एखादं गाणं किंवा रचना पथकासाठी नव्याने बसवायची असेल तर हक्कधारकाची लेखी परवानगी पथकाने, आणि तीसुद्धा बसवण्याआधी घ्यायची. जाहीर वादनाचा परवाना आस्कॅप, बीएमआय अशा संस्थांकडून येतो, आणि तो यजमानाकडे, स्टेडियमकडे की स्पर्धेच्या संघटनेकडे आहे हे तपासावं लागतं.

लहान पथकांना नकार येतो तो बहुधा उशिरा. फेब्रुवारीत संगीत पाठ होतं आणि एप्रिलमध्ये प्रकाशक ‘नाही’ म्हणतो. म्हणून बरीच पथकं जुन्या अभिजात रचनांकडे वळतात. अमेरिकेत १९७८ पूर्वी प्रकाशित झालेल्या रचनेवरचा हक्क जास्तीत जास्त ९५ वर्षं टिकतो. इथे एक खड्डा आहे: मूळ रचना मोकळी असली तरी तिची अलीकडे कुणीतरी केलेली मांडणी मोकळी नसते. मूळ स्वरलिपीवरून काम करा.

१५. आमच्या शोचं थेट प्रक्षेपण केलं तर दूरचे आजी-आजोबा पाहतील. करू का?

घाई नको. चित्राबरोबर संगीत जोडायला वेगळा हक्क लागतो, आणि प्रश्न १४ मधल्या दोन्ही परवानग्यांत तो येत नाही. प्रत्येक पथकाच्या प्रत्येक तुकड्यासाठी तो मागायचा, म्हणजे सहा पथकांच्या शोला सहज वीस-पंचवीस हक्क. शिवाय १८ वर्षांखालच्या मुलांच्या पालकांची संमती. लहान यजमानाने हा नाद सोडलेलाच बरा.

१६. पंधरा वर्षांची मुलगी आणि साठीचे गृहस्थ एकाच ऑल-एज पथकात. पालक म्हणून मी काय तपासावं?

हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. संकोचू नका.

प्रौढ सदस्य, शिक्षक आणि स्वयंसेवक या सगळ्यांची पार्श्वभूमी तपासणी झाली आहे का? एक मूल आणि एक प्रौढ एकटे राहणार नाहीत असा नियम लेखी आहे का? मुक्कामाला झोपायची जागा वयानुसार वेगळी असते का? तक्रार पथकाबाहेरच्या कुणाकडे करता येते का? ‘आम्ही सगळे कुटुंबासारखे आहोत’ हे यातल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नाही. २०१८ मध्ये एका नामांकित पथकाच्या संचालकावर आरोप झाल्यानंतर डीसीआयने सदस्यसुरक्षेचे नियम कडक केले. स्वतंत्र शोमध्ये, म्हणजे प्रश्न ३ मधल्या तिसऱ्या प्रकारात, हे नियम आपोआप लागू होत नाहीत. तिथे तुम्हालाच विचारावं लागतं.

याचा आर्थिक भागही आहे. १९३४ मध्ये सुरू झालेल्या ‘द कॅडेट्स’ या पथकाने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा मार्ग धरत काम बंद केलं, त्यामागे अनेक दशकांपूर्वीच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीवरून चाललेला खटला होता. त्यामुळे प्रशिक्षण आणि तपासणीवर होणारा खर्च ज्याला जड वाटतो, अशा पथकाला शोमध्ये बोलावताना यजमानानेही दोनदा विचार करावा.

१७. वयाची मर्यादा नक्की किती?

डीसीआयच्या वर्ल्ड आणि ओपन क्लासमध्ये १ जूनच्या आत २२ पूर्ण झालेलं चालत नाही. त्या शेवटच्या वर्षाला ‘एजिंग आउट’ म्हणतात आणि त्यावर बरीच रडारड होते. ऑल-एजमध्ये वरची मर्यादा नाही.

लहान पथकाला हा नियम असा बोचतो: मोठ्या पथकाला दर वर्षी जागेपेक्षा किती तरी जास्त मुलं येऊन परीक्षा देतात. लहान पथक सोळाव्या वर्षी मुलगा तयार करतं, अठराव्या वर्षी, वय उलटण्याआधी, तो मोठ्या पथकात जातो आणि परत येतो तो पंचविशीत, शिक्षक म्हणून. ही गळती बघून वाईट वाटणारे संचालक आहेत. त्यात अभिमान मानणारेही आहेत, आणि त्यांची पथकं जास्त टिकलेली मी पाहिली आहेत.

१८. चालणं, ड्रिल, गुण हे सगळं टाळून काही करता येतं का?

येतं. डीसीआयचाच ‘साउंडस्पोर्ट’ हा प्रकार त्यासाठी आहे. छोटी जागा, छोटा कार्यक्रम, वाद्यांचं बंधन सैल, चालायची सक्ती नाही, आणि क्रमांकांऐवजी सुवर्ण, रौप्य, कांस्य अशा श्रेणी. पंधरा जणांच्या पथकाला पहिल्या वर्षी मी हेच सुचवतो. यजमानालाही पार्किंगच्या एका कोपऱ्यात हा कार्यक्रम दुपारी बसवता येतो आणि तीच माणसं संध्याकाळी तिकीट काढून स्टँडमध्ये येतात. जुन्या मंडळींना हे ‘खरं कोअर’ वाटत नाही. त्यांना चर्चा करू द्या.

१९. ऐन आठवड्यात पथकाने नाव मागे घेतलं तर दंड करावा का?

करारात तशी तरतूद असते. लावण्याआधी कारण विचारा. बस बंद पडली, ट्रकचा चालक मिळाला नाही, ट्यूबा वाजवणारे दोघंही त्या शनिवारी कामावर: लहान पथकात एक माणूस हलला तरी शो कोसळतो. दंड वसूल झाला तर तुम्हाला काही डॉलर मिळतील, आणि पुढच्या वर्षी बहुधा ते पथकच मिळणार नाही. प्रश्न ४ मधला हिशेब पुन्हा मांडून बघा, पथक नेहमी दंडापेक्षा महाग निघतं.

मला दिसलेला कामाचा उपाय म्हणजे उणिवेसह या म्हणायचं. ड्रिल बसलं नाही? उभ्याने वाजवा. शेवटचा भाग तयार नाही? तिथेच थांबा. अशा सादरीकरणाला ‘एक्झिबिशन’ म्हणून गुणांशिवाय जागा द्या. पथक आलं, त्याची ४० माणसं आली, आणि परीक्षक आहेतच तर टिप्पणीही मिळाली.

२०. बरोबरी झाली तर?

एकूण गुणांची बरोबरी तशीच ठेवायची आणि दोघांना तेच स्थान द्यायचं. डीसीआयच्या अंतिम स्पर्धेतही १९९६, १९९९ आणि २००० मध्ये दोन-दोन पथकं संयुक्त विजेती ठरली आहेत. तुमच्याकडे चषक एकच असेल तर नाणेफेक करून तो एकाला द्या आणि दुसरा मागवा.

२१. मला वाजवता येत नाही. स्वयंसेवक म्हणून काही उपयोग होईल का?

दुपारी तीनला या, टोपी आणि पाणी आणा. सर्वांत आधी माणूस लागतो तो ट्रक आणि बस वळवायच्या जागी, कारण ५३ फुटी ट्रेलर शाळेच्या दारातून चुकीच्या बाजूने आत शिरला की मागे घ्यायला अर्धा तास जातो. पुढच्या कडेची जड वाद्यं मैदानात ढकलायलाही हात हवेत. तिकिटाच्या खिडकीवर मात्र सगळ्यांना बसायचं असतं, तिथे जागा शिल्लक नाही.